सोनडोळी आणि हाताची बाग

भिंगरवाडीत बायजाकाकूंच्या मोठ्या घरामागे एक इवलीशी खोली होती. तिथे कुंदा आणि तिची आई राहायच्या. खोली एवढी लहान, की आईने पाय लांब केले की कुंदाला उंबऱ्यावर बसावं लागे. आणि त्या पावसाळ्यात आईला पाय लांब करूनच बसावं लागत होतं, कारण विहिरीपाशी शेवाळावरून घसरून तिचा उजवा पाय मोडला होता. मग भाकऱ्या कुंदाच थापायची. कधी त्या गोल व्हायच्या, कधी त्यांना शेपूट फुटायचं. आई मात्र शेपटीसकट आवडीने खायची आणि म्हणायची, "काय खरपूस झालीय गं!"

घरात काहीच नव्हतं म्हटलं तरी चालेल. पण दाराबाहेर काय नव्हतं? दाराबाहेर परस होता! हिरवागार, ओलागच्च, पोपटी परस. मांडवावर पडवळाची हिरवी-पांढरी, काकणांसारखी कोवळी वेटोळी, कुंपणावर भोपळ्याची पिवळीजर्द फुलं, ओळीने उभ्या भेंड्या, लालबुंद माठ, चवळीच्या नाजूक वेली. आणि न्हाणीच्या पाण्यावर पोसलेला, हत्तीच्या कानाएवढ्या पानांचा अळू!

या बागेत कधी बैल आला नव्हता की नांगर. सगळी खणणी आईच्या खुरप्याची आणि कुंदाच्या दहा बोटांची. म्हणून गाव तिला 'हाताची बाग' म्हणे. गणपती आल्याच्या दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी असते ना? त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही, माणसाने हाताने पिकवलेलंच खायचं. मग आळीतल्या सगळ्या बायका टोपल्या घेऊन काकूंच्या परसात यायच्या आणि ऋषीची भाजी इथूनच न्यायच्या. जाताना कुणी तांदूळ ठेवायचं, कुणी नारळ, कुणी लुगडं. काकूंचा मान वाढायचा. बाग सांभाळायची म्हणून कुंदाला आणि आईला ती खोली मिळाली होती.

पण यंदा बाग आजारी होती.

चवळीच्या शेंड्यांवर काळा मावा दाटला होता. तिळाएवढे चिकट किडे, एकाला एक खेटून बसलेले. पडवळाच्या पानांना अळ्यांनी भोकं पाडली होती. भोपळ्याची पानं तर चाळणीसारखी दिसत होती.

बायजाकाकूंना किड्यांचा भारी तिटकारा. पदर सावरत त्या परसाच्या दारापर्यंत आल्या, पायाची बोटंसुद्धा आत न टाकता वाकून बघितलं आणि ओरडल्या, "शी शी शी! ही बाग आहे की किड्यांची जत्रा? हे बघ कुंदे, मी फरश्या आणून ओसरीत रचून ठेवल्यात. ऋषीच्या भाजीपुरतं पिकलं तर ठीक. नाहीतर सगळ्या परसावर फरशी घालते. धुतलं की स्वच्छ!"

"आणि आम्ही, काकू?" कुंदाने हळूच विचारलं.

काकू मनाने वाईट नव्हत्या. त्यांनी मान वळवली. "बागच नाही राहिली तर माळीण कशाला लागते गं?" असं पुटपुटत त्या आत गेल्या.

कुंदा अळूच्या पानाआड जाऊन पोटभर रडली. मग तोंड धुवायला ती पाण्याच्या पिंपाशी गेली, तर पाण्यात काहीतरी फडफडत होतं. चिमुकलं, फिकट हिरवं, बुडायला आलेलं.

"अगं बाई! थांब हं, थांब!" स्वतःचं रडू विसरून कुंदाने गवताची काडी पाण्यात धरली. तो हिरवा जीव काडीला बिलगला. कुंदाने त्याला अलगद अळूच्या पानावर उन्हात ठेवलं. भाकरीबरोबर खायला तिच्याकडे गुळाचा एकच खडा होता. तो पाण्यात विरघळवून तिने थेंब थेंब त्याच्यापुढे ठेवला.

थेंब संपला. पंख वाळले. आणि काय सांगू! अळूचं पान झगमगलं. पानावर बोटाएवढी परी उभी होती! अंगात पोपटी झगा, पाठीला जाळीदार, आरपार दिसणारे चार पंख, आणि डोळे? डोळे लखलखीत सोन्याचे.

"मी सोनडोळी," परी किणकिणत्या आवाजात म्हणाली. "तू मला तुझा गूळ दिलास. मी तुला हे देते." तिने पंख हलवले, तसे पानावर दवाचे तीन टपोरे मोती घरंगळत आले. "तीन मोती, तीन इच्छा. पण नीट ऐक. एका पौर्णिमेला एकच मोती मागता येतो. जे मागशील ते शब्दाला शब्द तसंच मिळेल. ते बरं की वाईट, हे मला विचारायचं नाही, मला सांगता येत नाही. आणि मागितलेलं कधीही मोडता येईल, पण मग उरलेले सगळे मोती त्यात जातील."

"माझ्या आईचा पाय बरा होऊ दे!" कुंदा श्वासही न घेता म्हणाली.

सोनडोळीने तिच्या बोटावर इवलासा हात ठेवला. "हाड त्याच्या वेळेलाच सांधतं गं, राणी. ते काम परीचं नाही. होईल तिचा पाय बरा. दुसरं माग. आज आषाढी पौर्णिमाच आहे. टोपल्या टोपल्या भाजी मागतेस?"

कुंदाच्या डोळ्यांसमोर भाजीचे ढीग नाचले. पण मग तिने मान हलवली. "नको. जादूने आलेली भाजी ऋषीच्या ताटात कशी चालेल? ती हाताची कुठे? लोक विश्वासाने आमच्याकडे येतात."

परीचे सोनेरी डोळे आणखीच चमकले. "असं उत्तर मला अजून कुणी दिलं नव्हतं," ती म्हणाली.

कुंदाने खूप विचार केला. ती रोज बागेत असायची, तिने सगळं पाहिलं होतं. जिथे मावा, तिथे एक काळा, काटेरी, नारिंगी ठिपक्यांचा किडा हमखास असायचा. दिसायला अगदी छोटी सुसर! जिथे मावा, तिथे कचऱ्याच्या गाठीसुद्धा असायच्या. पाठीवर कसला कसला केर घेऊन तुरुतुरु चालणारे घाणेरडे जीव. आणि भिंतीवर मातीची मडकी बांधणारी ती बारीक कमरेची कुंभारीण माशी! तिच्या तोंडात तर दर खेपेला हिरवी अळी असायची. म्हणजे अळ्या तीच आणत असणार, आणि मावा म्हणजे त्या दोन राक्षसांचीच पिल्लं असणार. उघडच होतं की!

"सोनडोळी," कुंदा ठसक्यात म्हणाली, "बागेतले सगळे काळे काटेरी किडे, सगळ्या कचऱ्याच्या गाठी आणि सगळ्या कुंभारणी निघून जाऊ देत."

परीचा पोपटी झगा एकदम फिका पडला. तिचे ओठ हलले, पण शब्द फुटला नाही. एक मोती फुटला, टप्! आणि परी दिसेनाशी झाली.

दुसऱ्या दिवशी बागेत एकही काटेरी किडा नव्हता. भिंतीवरची मडकी सुनी होती. कुंदा टाळ्या पिटत नाचली. "आई, गेले सगळे राक्षस!"

मावा मात्र गेला नाही. उलट फोफावला! शेंडे काळेकुट्ट झाले, फुलं गळायला लागली. पडवळाच्या पानांवर अळ्या इतक्या झाल्या, की संध्याकाळी कान दिला तर कुरतडण्याचा आवाज यायचा. भोपळ्याच्या वेलावर सुंदर केशरी भुंगे चमकत होते. कुंदाला ते भारी आवडायचे. ती त्यांना हातावर घेऊन खेळवायची.

"पुढच्या पौर्णिमेला मी दुसरा मोती मागणार," तिने मनाशी ठरवलं. "काकूंनी कधी म्हणजे कधीच परसावर फरशी घालू नये! आणि तिसऱ्या मोत्याचा लाल काठाचा परकर."

आता एक गंमत सांगायची राहिलीच. आईला बागेत जाता येत नव्हतं ना? म्हणून कुंदा रोज चवळीचा एखादा डहाळा खोलीत आणून तांब्याच्या पाण्यात ठेवायची. आईला बसल्या जागी बाग दिसावी, एवढंच तिच्या मनात. असाच एक डहाळा तिने परी भेटली त्याच सकाळी आणून ठेवला होता. आणि कुंदाने मागितलं होतं ते 'बागेतल्या' किड्यांचं. घरातल्यांचं नव्हे!

"कुंदे, अगं ये लवकर!" एका दुपारी आईने हाक मारली. "हा कचरा चालतोय गं!"

कुंदा धावत आली. खरंच, डहाळ्यावर एक कचऱ्याची गाठ तुरुतुरु चालली होती. कुंदाने ती उडवायला बोट उचललं.

"थांब," आई म्हणाली. "मला इथे दुसरा काय उद्योग आहे? सकाळपासून तिच्याकडेच बघतेय. तूही बघ जरा. तिच्या तोंडात काय आहे ते बघ."

दोघी डोकं टेकवून बघत बसल्या. गाठीखालून विळ्यासारखे दोन सुळे बाहेर आले. त्यांनी एक मावा पकडला, उचलला आणि चुटकीसरशी पिऊन टाकला. उरलं ते रिकामं टरफल. मग त्या वेड्या जिवाने काय करावं? ते टरफल उचललं आणि नीट आपल्या पाठीवर ठेवलं!

"अगं आई!" कुंदा हळूच म्हणाली. "तो कचरा नाहीये. ते सगळे तिने खाल्लेले मावे आहेत!"

"एवढे?" आई हसायला लागली. "मग ही खादाड आपल्या बागेत हवी होती की!"

आईला काय माहीत, की ती बागेत होतीच. आणि तिला घालवलं होतं कुंदानेच. तिने आईला काही सांगितलं नाही. ती रोज माव्याचे नवे डहाळे आणून तांब्यात ठेवू लागली. काही दिवसांनी त्या गाठीने पानामागे साबुदाण्याएवढं पांढरं घर विणलं आणि दार लावून घेतलं. कुंदा रोज सकाळी आधी तिथे डोकावायची, मग चूल पेटवायची.

नारळी पौर्णिमा दोन-चार दिवसांवर आली, आणि एका सकाळी त्या पांढऱ्या घराचं झाकण उघडलं. आतून कोण बाहेर आलं असेल? पोपटी अंग. जाळीदार, आरपार दिसणारे चार पंख. आणि सोन्याचे डोळे!

कुंदा तशीच अळूकडे धावली. "सोनडोळी! सोनडोळी! कुठे आहेस तू?"

अळूच्या सगळ्यात जुन्या पानाखाली परी बसली होती. तिचा झगा वाळल्या गवतासारखा झाला होता.

"त्या कचऱ्याच्या गाठी..." कुंदाला हुंदका आला. "ती तुझी बाळं होती का गं?"

सोनडोळीने हो म्हणून मान हलवली. तिच्या सोन्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"मग तू 'नको' का म्हणाली नाहीस?"

"मला सांगता येत नव्हतं ना, राणी. शब्दाला शब्द द्यावाच लागतो."

कुंदाने तिला दोन्ही ओंजळीत घेतलं. तिला फार म्हणजे फार वाईट वाटलं. आणि मग तिच्या लक्षात सगळंच आलं. काटेरी सुसरही माव्यापाशी असायची, म्हणजे तीही मावाच खात असणार. कुंभारीण अळ्या आणत नव्हती, बागेतून उचलून नेत होती, आपल्या मडक्यातल्या पिल्लांसाठी! आग लागली तिथे पाण्याची बादली दिसली, म्हणून बादलीलाच बोल लावावा, तसं तिने केलं होतं.

पानावर दोन मोती लकाकत होते. एकात खोली होती, आईचं छप्पर होतं. दुसऱ्यात लाल काठाचा परकर होता. कुंदाने फाटक्या परकराकडे पाहिलं. मग खोलीच्या दाराकडे पाहिलं. आई उन्हात पाय लांब करून भाकरीचं पीठ मळत होती. या मोत्याशिवाय काकूंनी फरशी घातली तर?

तरीसुद्धा कुंदा म्हणाली, "दोन्ही मोती घे. माझी पहिली इच्छा मोड. सगळ्यांना परत बोलाव. तुझी बाळं तुला मिळू देत."

टप्! टप्! दोन्ही मोती फुटले. बागभर पोपटी उजेड पसरला आणि पानापानांतून सळसळ ऐकू आली. काटेरी सुसरी परतल्या, कचऱ्याच्या गाठी तुरुतुरु धावल्या, कुंभारणी गुणगुणत भिंतीवर उतरल्या. सोनडोळीचा झगा हिरवागार झाला.

"आता माझ्याकडे तुला द्यायला काही उरलं नाही," ती म्हणाली.

"असू दे," कुंदा डोळे पुसत म्हणाली. "हात आहेत की माझे."

आणि मग कुंदाचे हात कामाला लागले! पण आता ती कुठल्याही किड्याला हात लावण्याआधी उकिडवी बसायची, हनुवटी गुडघ्यावर टेकवायची आणि बघायची, तोंडात काय आहे? तिचे लाडके केशरी भुंगे! त्यांच्या तोंडात भोपळ्याचं पान होतं. "अरे लबाडांनो, माझ्या हातावर खेळता आणि माझीच पानं खाता?" ती पहाटे उठून, ते गारठून सुस्त बसलेले असतानाच त्यांना वेचून साबणाच्या पाण्यात टाकू लागली. काळी काटेरी सुसर काही दिवस पानाला चिकटून बसली आणि तिच्या पाठीतून निघाला लालचुटुक, काळ्या ठिपक्यांचा गोल ढालकिडा. तोही माव्यावरच तुटून पडला. आई दारातून सांगायची, "कुंदे, पडवळाला माती लाव गं," आणि कुंदा लावायची. शेंड्यांवरचा काळा थर विरळ झाला. चवळीला जांभळी फुलं आली. भोपळ्याने नवी, अख्खी पानं काढली.

गणपती आले, आणि दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी उजाडली. त्या सकाळी आई भिंतीला धरून उभी राहिली. मग तिने भिंत सोडली. एक पाऊल, मग दुसरं पाऊल, आणि आई चालत चालत बागेत आली! कुंदा तिला अशी बिलगली, की दोघी माठाच्या वाफ्यातच पडायच्या बाकी राहिल्या.

आळीतल्या बायका टोपल्या घेऊन आल्या. लांबलचक पडवळं, कोवळी भेंडी, चवळीच्या शेंगांच्या जुड्या, लाल माठ, तांबडा भोपळा, अळूच्या पानांचे भारे. कुणाची टोपली रिकामी गेली नाही. बायजाकाकू मधोमध उभ्या राहून, जणू सगळं आपणच खणलंय अशा थाटात म्हणत होत्या, "घ्या घ्या, आमच्या परसातलं आहे! हाताचं आहे!" एका वहिनींनी कुंदाच्या हातात पुडकं ठेवलं. आत लाल काठाचा परकर होता. तो कुंदाने कुणाकडे मागितलासुद्धा नव्हता.

काकूंनी आईकडे बघून घसा खाकरला. "त्या फरश्या उगाच पडून आहेत. अळूजवळ एक ओटा बांधून घेऊ. पाय नवा आहे तुझा, बसून काम करत जा. आणि खोलीचं काही मनात आणू नकोस. बाग आहे तोवर तुम्ही आहात."

सगळे गेल्यावर कुंदा अळूपाशी आली. सोनडोळी तिथे वाट बघत होती, आणि तिच्याभोवती तिची पोपटी, सोनडोळी लेकरं भिरभिरत होती.

"आता मी जाते, राणी," परी म्हणाली. "तुला माझी गरज नाही. तुला बघता येतं." तिने कुंदाच्या नाकाच्या शेंड्यावर इवलासा पापा दिला. मग सोनेरी, पोपटी, चंदेरी उजेड उसळला, अळूचं पान क्षणभर आतून पेटल्यासारखं दिसलं, आणि परी त्या उजेडात मिसळून गेली.

पान हललं तेव्हा कुंदाला दिसलं, पानाच्या मागच्या बाजूला केसाएवढ्या बारीक तीन देठांवर तीन पांढरे मोती लटकत होते.

"शी! ही कसली बुरशी?" पाठीमागून बायजाकाकू ओरडल्या. त्या आज पहिल्यांदाच इतक्या आत, अळूपर्यंत आल्या होत्या. त्यांनी पान पुसायला पदर पुढे केला.

कुंदाने पटकन त्यांचा हात धरला. "थांबा ना, काकू. बसा इथे माझ्याजवळ. आधी बघू या, यातून कोण येतं ते."

काकूंनी इकडे तिकडे पाहिलं. कुणी बघत नव्हतं. मग त्यांनी पदर खोचला आणि त्या कुंदाशेजारी मातीत बसल्या.